चाँदपाशा आणि फायरिंग पिन

शस्त्रागारात हत्यारं कुलपात राहतात, किस्से मात्र दाराखालून बाहेर पडतात. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. बोर्ड नवा, टेबलं उसनी, आणि पावसाचा पत्ता नाही. पोलीस शस्त्रागारात आम्ही तिघं: मी, कंधारचा गंगाधर आणि हत्यारं दुरुस्त करणारे हवालदार चाँदपाशा.

*

चाँदपाशांनी एकदा आम्हाला पिस्तूल खोलून दाखवलं. "ही फायरिंग पिन. हिनं टोचलं की गोळी उडते. अन् हा बारका खटका तिला अडवून धरतो. ट्रिगर पुरा ओढल्याबिगर बाजूला व्हत न्हाई."

"म्हणजे दाराची कडीच की," गंगाधर म्हणाला. "पण पिस्तूल हातातून पडलं तर, पाशाभाई?"

"सासरा भाईरून दार बडवू दे की. आतून कडी काढल्याबिगर उघडतंय का?"

गंगाधरचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याला लगेच समजलं.

*

त्या खटक्याला एक इवलीशी स्प्रिंग असते. ती आणायला गंगाधर नांदेडला गेला. येताना एसटीत शेजाऱ्याला दाखवायला म्हणून पुडी उघडली, आणि स्प्रिंग टुणकन उडाली. अहमदपूरच्या अलीकडे कंडक्टरनं गाडी थांबवली. सगळे प्रवासी सीटखाली वाकले. स्प्रिंग काही सापडली नाही. शेवटी कंडक्टरनं स्वतःचं पेन खोललं. "घ्या साहेब, सरकारी काम अडायला नको."

चाँदपाशांनी ती स्प्रिंग उजेडात धरून पाहिली. "ही बसवली तर गोळी न्हाई, सही उमटंल."

*

निवडणूक आली की लायसनची हत्यारं आमच्याकडे जमा व्हायची. उदगीरचे आडते शिवराजअप्पा आपलं पिस्तूल घेऊन आले. परदेशी माल, पण फायरिंग पिन हलेना. चाँदपाशांनी खोललं तर आत विभूती आणि तूप यांचा घट्ट लगदा. अप्पा दर खंडेनवमीला मनापासून पूजा करायचे.

चाँदपाशांनी सगळं धुऊनपुसून परत जोडलं. "अप्पा, कपाळाला लावा. खाऊ घालू नका."

*

निवडणूक उरकली, हत्यारं मालकांकडे परत गेली, आणि त्याच उन्हाळ्यात उदगीरला पाण्याच्या टँकरवर बंदोबस्त लागला. माणसं कमी पडली, म्हणून आम्हालाही धाडलं. अप्पांच्या गल्लीत टँकर आला आणि घागरींची ही झुंबड. अप्पा रांग लावायला मधे शिरले, कमरेला पिस्तूल. कुणाचा तरी धक्का लागला, आणि भरलेलं पिस्तूल खाडकन फरशीवर आपटलं.

सगळी गल्ली आडवी झाली. मी टँकरच्या नळाखालच्या चिखलात, गंगाधर टँकरखाली, अप्पा तर जागेवरच. काही वाजलं नाही. चाँदपाशा सावकाश उठले, मॅगझिन काढलं, चेंबरमधली गोळी काढून खिशात टाकली.

"उठा. खटक्यानं पिन जागची हालू दिली न्हाई."

आम्ही माना वर केल्या. नळ चालू होता. अख्ख्या गल्लीत एकच म्हातारी उभी होती, आणि तिची घागर काठोकाठ भरली होती. ती तिनं बाजूला ठेवली, रिकामी कळशी नळाला लावली आणि चाँदपाशांकडे वळून म्हणाली,

"हवालदार, अप्पाला म्हणावं, अजून एकदा पाड."