निळ्या दिव्याखालची बटणं

“आधी तो निळा दिवा काढ! त्या उजेडात माणसाचं तोंड बी मढ्यासारखं दिसतं.” नवरा खाटेवरून ओरडला.

“तुमच्या तोंडासाठी लावलाच नाही तो. माझ्या फुलांसाठी लावलाय.”

“कोठे शेतस फुलं? मिटी गयात बठ्ठी!”

“सगळी मिटली, पण कोणामुळे? मी ड्यूटीवर गेले अन् माझा दिवा काढून ती पांढरी ट्यूब ठोकली कोणी? भुतानं?”

स्टुलावर उभ्या असलेल्या मालतीबाईंनी दातात धरलेली सुतळी काढली आणि निळा दिवा आणखी दोन बोटं वर ओढून गाठ मारली. खाली, पाण्याच्या कॅनएवढ्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, एका दगडावर प्रवाळाची जिवंत बटणं घट्ट मिटून बसली होती. कोटाच्या बटणाएवढी. उघडली की मध्ये केशरी, कडेला हिरवी झालर. आज मात्र नुसते राखाडी कोंब दिसत होते.

सुरतच्या गोडादरा भागातल्या त्या गल्लीत कोणाकडे पोपट आहे, कोणाकडे कबुतरं. समुद्र फक्त मालतीबाईंकडे! अमळनेरकडून लग्न होऊन सुरतेत आलेली ही बाई. नातवासाठी गोल्डफिश घ्यायला ललितच्या माशांच्या दुकानात गेली आणि तिथल्या टाकीत वाढवलेली ही बटणं बघून जी थबकली, ती गोल्डफिश विसरूनच घरी आली. पुढच्या खेपेला दगडाचा तुकडाच घेऊन आली. “दगड आणला?” म्हणून गल्ली हसली. “थांबा, फुलू द्या,” म्हणाली.

पण पहिली चूक तिचीच. मालतीबाई कारखान्यात साड्या तपासायच्या टेबलावर बसते. डोक्याच्या वर वीतभर अंतरावर पांढरी ट्यूब, त्याशिवाय सुटलेला धागा सापडत नाही. उजेड जवळ हवा आणि लख्ख हवा, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं टाकीवरही तशीच ट्यूब पाण्याला जवळजवळ टेकवून लावली. बटणं फिकी पडत गेली, मग आक्रसली.

“रंग कच्चा होता,” नवऱ्यानं निकाल दिला. सुपडू, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवणारा डाईंग मास्तर. रंग पक्का की कच्चा, हे ठरवायचा हक्क घरात त्याचा.

ललितनं मात्र फोटो बघून कपाळाला हात लावला. “मासी, आ साडी नथी! तुम्ही साडी बघायला लाईट लावता. यांना लाईट खायला लागते. यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर यांचं जेवण रांधतं. एकदम जास्त उजेड म्हणजे चूलच पेटली अंगात! निळा लावा, त्यात यांचा रंग आपोआप चमकतो. पांढरा जरासाच. समुद्रात खाली निळाच पोचतो. उंच टांगा, मग हळूहळू खाली आणा.”

मालतीबाईंनी तसं केलं. बटणांना रंग चढू लागला होता, एकदोन तर अर्धी उघडलीही होती. आणि काल मास्तरनं घोळ घातला.

“निळ्या उजेडात पास केलेला माल घेणारी पार्टी तोंडावर फेकते,” सुपडू अजून तणतणत होता. “तो फसवा उजेड! मी खरा रंग बघायला ट्यूब लावली. वाईट केलं का?”

“खरा रंग बघायला जेवत्या माणसाचं ताट ओढलं तुम्ही!”

“बरं. दिवेलागणीपर्यंत एक बी उघडलं नाही, तर टाकी ललितच्या दुकानात. कबूल?”

मालतीबाईंनी मिटलेल्या बटणांकडे एकदा पाहिलं. पण जीभ मागे हटली नाही. “कबूल! अन् उघडलं तर ती ट्यूब पुन्हा या घरात दिसायची नाही.”

मग सुरू झालं वाट बघणं. चहा झाला. भाकरीचं पीठ मळून झालं. दर थोड्या वेळानं मालतीबाई पिठाच्या हातानं टाकीसमोर. “उठा ग बायांनो, नाक कापू नका माझं.” मास्तर खाटेवर पेपर धरून बसलेला, पण पान काही उलटत नव्हतं.

बाहेर गल्लीतले दिवे लागायला आले. “चल, ललितला फोन लाव,” सुपडू उठला.

“थांबा! हलू नका!”

दगडाच्या कडेला एका कोंबाचं तोंड सैल झालं होतं. आधी टाचणीच्या डोक्याएवढी फट. मग झालरीचं एक टोक बाहेर, मग दुसरं, आणि बघता बघता अख्खं बटण पसरलं. केशरी! पाण्यात निखारा ठेवावा तसं. शेजारचं जागं झालं. त्याच्या शेजारचंही! मालतीबाईंनी टाळी वाजवली आणि पिठाचा धुरळा उडाला.

“बघा! बघा ना! अहो, जिवंत शेतस!”

सुपडू वाकला. सवयीनं त्याचा हात शर्टाच्या खिशात गेला आणि केशरी कापडाचं नमुन्याचं चिंधुक बाहेर आलं, त्याच्या हातचा मिलमधला सगळ्यात भडक केशरी. त्यानं ते काचेला लावून धरलं. निळ्या उजेडात चिंधुक काळपट, मातकट दिसलं. काचेपलीकडे बटण पेटलेलं. त्यानं चिंधुक उलटं करून पाहिलं. पुन्हा सुलटं.

मालतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. हसू ओठांत मावत नव्हतं.

“आता सांगा मास्तर, कोणाचा रंग कच्चा?”

सुपडूनं चिंधुक खिशात घातलं. “कबूल म्हणजे कबूल,” म्हणत भिंतीला टेकवलेली पांढरी ट्यूब काखेत मारली, पायात चपला सरकवल्या आणि दार उघडून निघून गेला.