सव्वातीनच्या चौतीस नोंदी

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका शोधायला वाचतो. लिहिणारा अमावास्या म्हणतो आणि कॅलेंडरात अष्टमी निघते... दहा मिनिटांच्या वाटेला कुणाला दोन तास लागतात... असं काही सापडलं की मला समाधान वाटतं. आज मीच लिहायला बसलोय म्हणून बायकोला हसू येतंय. हसू दे. मी जे पाहिलं आणि जे मोजलं तेवढंच लिहिणार आहे.

बोर्ली पंचतनपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. माझं वय बावन्न. थोडी सुपारी, थोडं भात, आणि तेवीस वर्षांपासून एक काम – गावचं पर्जन्यमापक माझ्या ताब्यात आहे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि रजिस्टरात लिहायचा. हे काम शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाऊस नसेल तर शून्य लिहा. शून्य म्हणजे मी पाहिलं, पाऊस नव्हता. जागा रिकामी म्हणजे कोणी पाहिलंच नाही. दोन्ही एक नव्हे." ते वाक्य माझ्या अंगात मुरलेलं आहे. पुढे त्याचं काम पडणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीची, भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, शेतातून ताप घेऊन आला. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादर लागली तरी ओरडायचा. डॉक्टर म्हणाले, लेप्टो दिसतोय, उंदरांमुळे पसरणारा ताप, अ‍ॅडमिट करा. आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. नंबर अकरा. खाटा तीस, पेशंट चौतीस. चौघे जमिनीवर गादी टाकून. आणि या चौतीस जणांना नर्स एक.

ही एक म्हणजे कल्पना सिस्टर. असेल चव्वेचाळीस-पंचेचाळीसची. दुपारी दोन ते रात्री नऊ तिची पाळी. शेजारची लेबर रूमही तिच्याकडेच, कारण तिथल्या नर्सची जागा रिकामी होती. मदतीला एक मावशी. वॉचमनची जागाही रिकामी.

मला सवय आकड्यांची. दादाच्या खाटेला अडकवलेला चार्ट मी पहिल्याच दिवशी वाचला. १२०/८०. शेजारच्याचा पाहिला – १२०/८०. त्याच्या शेजारी पुन्हा १२०/८०. मी घरून बीपीचं मशीन नेलं होतं. लावलं तर दादाचं निघालं १०२/६४.

"सिस्टर," मी म्हणालो, "तुमच्या वॉर्डात सगळ्यांची हृदयं एकाच कंपनीची दिसतात."

तिने सलाईन लावता लावता माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. माझं काम दादाने तिला सांगितलं होतं. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पाऊस मोजता ना? चौतीस गावांत एकाच वेळी जाऊन मोजून दाखवा."

मी घड्याळ लावून हिशोब केला. ताप, नाडी, बीपी, लिहिणं – घाई करूनही एकाला तीन मिनिटं. चौतीस त्रिक एकशे दोन. म्हणजे एक फेरी पावणेदोन तासांची, तीही मध्ये कोणी हाक मारली नाही तर. इंजेक्शनं, सलाईन, नवीन पेशंट, बाळंतपण वेगळंच. पाळी संपताना चार्ट अंदाजाने भरून टाकायचा, ही तिथली रीतच पडलेली. आपसात त्याला 'झेरॉक्स' म्हणत.

संध्याकाळी तिला हिशोबाचा कागद दाखवला. साहेबांचं शून्य आणि रिकाम्याचं वाक्यही सांगितलं. कागद वाचून ती म्हणाली, "म्हणजे आम्ही 'झेरॉक्स' मारतो म्हणून वर सगळ्यांना वाटतं, एका नर्समध्ये भागतंय."

"मला तरी तसंच दिसतं."

"ठीक आहे. उद्यापासून जे घेतलं नाही ते रिकामं."

आणि तिने ते पाळलं, मंडळी. दोन दिवसांत चार्टवर नुसती भोकं दिसायला लागली. मेट्रनबाई तिच्यावर ओरडल्या, "अगं, इन्स्पेक्शनला काय दाखवू?" सिस्टर म्हणाली, "हेच दाखवा."

आता तो मंगळवार.

दुपारी दोन वाजता दादाचं बीपी ११०/७०, सिस्टरनेच घेतलेलं. अडीचला चार नंबरच्या पेशंटचा एक नातेवाईक सिस्टरच्या अंगावर धावून आला. "बाटली संपून अर्धा तास झाला, झोपा काढता काय?" बाटली खरंच संपली होती. माझ्या घड्याळाने पंचवीस मिनिटं. त्या माणसाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सिस्टर त्या पंचवीस मिनिटांत एकदाही बसली नव्हती, हेही मी पाहिलं होतं. ती पुढे झाली तसा त्याने तिला ढकललं. तिचं उजवं मनगट लोखंडी खाटेवर आपटलं. आम्ही चार-पाच जणांनी त्याला बाहेर काढलं. मनगट बघता बघता सुजलं.

मी म्हणालो, "सिस्टर, पोलिसात जाऊ."

"चौतीस जणांना सोडून कधी जाऊ, भाऊ?" डावा हात आणि दात लावून तिने स्वतःच पट्टी बांधली. त्यानंतर चार नंबरच्या चार्टवर केलेली तिची सही मी पाहिली आहे. शाळेत न गेलेल्या माणसाची वाटावी इतकी वाकडी.

पावणेतीनला बाळंतपणाची केस आली. डॉक्टर एकच, ते खाली ओपीडीत. मावशीला घेऊन सिस्टर लेबर रूममध्ये गेली. जाताना मला म्हणाली, "दादांकडे लक्ष ठेवा. मला तासभर तरी येता येणार नाही." तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला दाराबाहेर राहिल्या. आत वेगळ्या घालतात.

तीन वाजून दोन मिनिटांनी मी दादाचं औषध आणायला खिडकीवर गेलो. रांग होती. परत वर आलो तेव्हा तीन वीस. लेबर रूमचं दार बंद, निळ्या चपला होत्या तिथेच. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

वॉर्डात आलो आणि दादाच्या चार्टवर नजर गेली.

दोननंतरची जागा मी जाताना रिकामी होती. आता तिथे लिहिलेलं होतं – ३.१५. नाडी ११८. बीपी ८४/५६, भोवती गोल. समोर 'लघवी फार कमी, डॉक्टरांना कळवा'. अक्षर कल्पना सिस्टरचं. पण मनगट सुजायच्या आधीचं... गोल, नीट, ओळीत बसलेलं.

मी शेजारचा चार्ट पाहिला. भरलेला, ३.१५. त्याच्या पलीकडचा, ३.१५. समोरच्या खाटेवर एक म्हातारे तांडेल होते. जन्म होडीवर गेलेला, तोंडाचे तिखट. त्यांना विचारलं, "तांडेल, आता कोण येऊन गेलं?"

"कोन म्हंजे? सिस्टर."

"कुठली सिस्टर?"

"आपली. दुसरी हाय कुठं हितं? माझ्या उशीखालची बिडी काढून नेली तिनं! एरवी तिला कवा फुरसत नसते, आज बरी सापडली."

"तिच्या हाताला पट्टी होती?"

तांडेल जरा थांबले. "पट्टी... न्हाय बा. न्हवती."

मला सवय एकच, आकडा खरा की खोटा ते आधी बघायचं. दादाच्या दंडाला माझं मशीन लावलं. ८६/५४. दादाला हाक मारली तर त्याने डोळे उघडले नाहीत, नुसता हुंकार दिला.

मी धावत जाऊन लेबर रूमचं दार ठोठावलं. "सिस्टर! अकरा नंबरचं बीपी शहाऐंशी!"

आतून तिचा आवाज आला, "डॉक्टरांना ओढून आणा! ओपीडी राहू दे! मावशी, तुम्ही धावा, दादांचे पाय उंच करा!"

डॉक्टर आले. पुढचा तासभर ते आणि मागाहून आलेली सिस्टर दादाच्या खाटेपाशीच होते. संध्याकाळी १०८ रुग्णवाहिकेतून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. दादा वाचला, आज गुरं सांभाळतो. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "अजून तासभर कळलं नसतं तर अवघड होतं. कोणी पाहिलं बीपी?"

मी सिस्टरकडे पाहिलं. ती चार्टकडे बघत होती.

"मी नाही," ती म्हणाली. "मी बाहेर आलेच नाही. बाळाचं डोकं माझ्या हातात होतं." मग हळू आवाजात, "पण सारखं मनात होतं... अकरा नंबर, अकरा नंबर. आणि तांडेलांची बिडी."

बिडी लेबर रूमबाहेर, तिच्या चपलेशेजारी सापडली. मावशीने उचलली.

इथपर्यंत अनुभव झाला. पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं.

दहा दिवसांनी जिल्ह्याहून एक अधिकारी आले. सिस्टरने ढकलाढकलीची तक्रार दिली होती, आणि मी अर्ज केला होता की दुपारच्या पाळीला दुसरी नर्स आणि एक वॉचमन द्या. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून चार्ट मागवले. मंगळवार, सव्वातीन. चौतीसच्या चौतीस नोंदी भरलेल्या. वर हल्ला होऊनही.

साहेब खूश. "बघा, इच्छा असली की सगळं होतं! बाई, सही राहिलीय तेवढी करा. तुमचं कौतुकाचं पत्र काढतो."

मेट्रनबाईंनी तिच्या कानात सांगितलं ते मला ऐकू आलं. "कर गं. अक्षर तुझंच आहे. आयतं पुण्य आलंय पदरात."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. त्या नोंदींनी माझा भाऊ वाचवला होता. कोणी केल्या असतील त्याला माझा हात जोडून नमस्कार. पण त्यांच्याखाली तिची सही पडली असती की कागदावर कायमचं झालं असतं – एक नर्स बाळंतपण करते, मार खाते, आणि त्याच वेळी चौतीस जणांना तपासते. मग दुसरी नर्स कोण देणार? पुढच्या अकरा नंबरचं काय?

सिस्टरने पेन घेतलं नाही. "साहेब, मी या घेतलेल्या नाहीत."

मी जन्माचं रजिस्टर उघडून समोर ठेवलं. "बाळाचा जन्म तीन वाजून सोळा मिनिटं. सही कल्पना सिस्टरची. ही माझी डायरी – तीन दोनला मी खाली गेलो, तीन वीसला वर आलो. अठरा मिनिटं. चौतीस माणसांना कमीत कमी एकशे दोन मिनिटं लागतात. तुम्ही स्वतः घड्याळ लावा."

साहेब चिडले. "म्हणजे काय? एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी?"

"तेच तर आम्ही अर्ज करून सांगतोय, साहेब," सिस्टर म्हणाली. "रोज असावं लागतं."

मग तिने पेन उचललं आणि, मनगट अजून दुखत होतं तरी, एकेका चार्टवर लाल शाईने लिहायला सुरुवात केली. 'या वेळी वॉर्डात एकही कर्मचारी हजर नव्हता.' चौतीस वेळा. मी शेजारी बसून चार्ट पुढे सरकवत होतो. साहेब मध्येच म्हणाले, "बाई, एकावर लिहिलं तरी चालेल." तिने मान वर केली नाही.

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा जिल्ह्याला गेलो, त्या चार्टच्या झेरॉक्स घेऊन. खऱ्या झेरॉक्स. आठव्या खेपेला दुपारच्या पाळीला दुसरी नर्स आली, आणि दाराशी वॉचमन. सकाळच्या आणि रात्रीच्या पाळीचं अजून व्हायचंय. अर्ज चालू आहेत, मीही चालू आहे.

मागे तिकडे गेलो होतो तेव्हा सिस्टरला विचारलं, पुन्हा कधी तसं काही...?

"नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी घरी जाताना दारातून वळून पाहिलं होतं, भाऊ. वाटलं, मी अजून आतच राहिलेय की काय. आता नाही पाहत. आता दुसरी असते ना."

माझ्याकडे आजही खुलासा नाही. तांडेलांची नजर, कोणाची तरी थट्टा, माझंच घड्याळ... सगळं तपासून झालं, बसत नाही. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत वेळ आहे, नाडी आहे, बीपी आहे, आणि शेवटी एक रकाना आहे, 'कोणी पाहिलं'. रिकामं म्हणजे कोणी पाहिलंच नाही, असं मी तेवीस वर्षं मानत आलो. इथे तर कोणीतरी पाहिलं होतं.

तरीही तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.