दोन ओरखडे

शेजारच्या गाळ्यातल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला सगळी गल्ली टिकटिक मास्तर म्हणते. मी सीटकव्हरं शिवते. माझं मशीन थांबलं की त्यांच्याकडची इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. स्टिअरिंगच्या मागच्या त्या दोन दांड्या, एक दिव्यांची आणि एक वायपरची, एवढंच त्यांचं राज्य. इंजिनाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

दांडी दाबली की आतला छर्रा खाचेत बसतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. वळण संपून स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की त्यासोबत फिरणारा एक उंचवटा आतल्या जिभेला धक्का देतो, छर्रा खाचेतून निसटतो आणि दांडी आपोआप मधे येते. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन.

दुरुस्तीला उघडलेल्या प्रत्येक स्विचच्या आत मास्तर सुईने एक ओरखडा काढायचे. तोच स्विच पुन्हा आला तर दुसरा ओरखडा, आणि थेट भंगारात. खाच झिजली की तिचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. ही खूण त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावालाच ठाऊक होती. आणि मला, माझ्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही त्यांनी सांगितलं होतं.

आईवडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. मास्तरांनीच त्याला वाढवलं, हाताला धरून काम शिकवलं. हल्ली नवे भाग आणणं आणि भंगार नेणं त्याच्याकडे होतं. त्याचं गोड बोलणं मला कधीच पटलं नाही, पण दुसऱ्याच्या भावाबद्दल आपण कशाला तोंड उघडायचं!

मंगळवारी सकाळी एक निवृत्त नर्सबाई आल्या. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्या एका कोपऱ्यावर वळल्या, पण दांडी मधे आलीच नाही. कानांनी कमी ऐकू येत असल्याने त्यांना टिकटिक कळली नाही. पुढच्या चौकात त्या वळणार असं समजून एक सायकलवाला पुढे आला, त्या सरळ गेल्या, आणि आता त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे.

त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच नवा स्विच बसवलात. म्हणालात, आता निर्धास्त चालवा."

मास्तरांनी स्विच काढला. वरून कोरा करकरीत. आतलं ग्रीस त्यांनी फडक्याने पुसलं, मग चष्मा पुसला, आणि मला हाक मारली.

"ताई, जरा बघा. दोन आहेत का?"

एकच आहे म्हणावं असं फार वाटलं. पण दोन होते.

धाकटा तिथेच होता. त्याने कानांवर हात ठेवले नाहीत. म्हणाला, भंगारातल्या स्विचला नवं कव्हर, नवी दांडी लावली की कुणाला कळतं, सगळेच करतात. वर हेही म्हणाला, "दादा, तूच शिकवलंस ना, नीट साफ केलं तर जुनं जुनं वाटत नाही." माझ्या हातात कात्री होती, ती मी मुकाट्याने खाली ठेवली.

मास्तर ओरडले नाहीत. असे किती स्विच नवे म्हणून आणलेस, एवढंच त्यांनी विचारलं. आठवत नाही, असं उत्तर आलं. ज्याच्यावर डोळे झाकून विसंबावं त्यानेच आपल्या हाताला खोटं पाडावं, याहून मोठा घात मला माहीत नाही.

तेवढ्यात मास्तरांची मुलगी गाडी घेऊन डबा द्यायला आली. ती रोज गाडीने कामावर जाते. तिचा स्विच महिन्यापूर्वी बिघडला तेव्हा नवा काकानेच बसवला होता, लाडक्या पुतणीसाठी म्हणून. मास्तरांनी तिला खाली उतरवलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः आत बसले.

धाकटा खिडकीशी आला. "दादा, तो उघडू नकोस."

मास्तरांचा हात थांबला. स्क्रू तसाच ठेवून ते बाहेर आले. उघडून बघायची गरज उरली नव्हती. भावाकडे न बघता त्यांनी हात पुढे केला.

"गाळ्याची किल्ली दे."