एका पायाचा शेकाट्या

पप्पांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली तेव्हा मी नववीत होते. सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते पॉवर प्रेस चालवायचे. त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे ठोकळा पडताना हात बाहेरच राहणार, अशी ती सोय. पण तसं केलं की काम हळू होतं. म्हणून सगळेच एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवायचे आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचे. तपासणीला कोणी आलं की पट्टी सोडायची, ते गेले की परत बांधायची. मालकाला सगळं माहीत होतं. अपघातानंतर त्यांनी एवढंच विचारलं, "बटण तुम्हीच बांधलं होतं ना?" पप्पा म्हणाले, "हो, मीच." खरंच होतं ते. नुकसानभरपाईचं नाव मग कुणी काढलं नाही.

मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो, हे मला गाडी विकली त्या दिवशी कळलं.

आई प्लास्टिकच्या डब्यांच्या पॅकिंगला जायला लागली. दिवसभर उभं राहून काम. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेचे पट्टे उमटलेले असायचे. पप्पा घरात बसून. डावा हात कायम पँटच्या खिशात. लग्नाला गेले तरी खिशात, जेवतानाही मांडीखाली. नंतर एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले, तिथेही खुर्चीत बसले की हात खिशात. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीत अशी घरं बरीच होती. फक्त त्यांच्यातल्या कुणाची मुलगी कॉलेजात गेली नव्हती, मी गेले.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मला फोटोग्राफीचा पेपर होता. प्रॅक्टिकलला निसर्गातले दहा फोटो द्यायचे, विषय सममिती आणि समतोल. त्यात नापास झाले तर वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद, हे घरी ठरलेलं होतं. आईने सुपरवायझर बाईंना सांगूनसुद्धा ठेवलं होतं की तिच्या शेजारी मी उभी राहीन म्हणून. तिचं काही चुकत नव्हतं. तिचे पाय संपले होते.

मी जास्वंद काढली, कोळ्याचं जाळं काढलं, पंख पसरलेलं फुलपाखरू काढलं. सगळं अगदी मधोमध. प्रिंट हातात आल्यावर पप्पांची जुनी स्टीलची पट्टी घेऊन दोन्ही बाजू मोजल्या. वर्कशॉपमध्ये माल असाच तपासतात. माप चुकलं की रिजेक्ट, बरोबर आलं की पास. मी लहानपणापासून तेच ऐकत आले होते.

मॅडमनी फोटो टेबलावर पसरले. "मोजून काढलेत का गं?"

"हो मॅडम."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणूनच मेल्यासारखे दिसतायत. तीन ठेव, सात परत काढ. बुधवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. कॉलेजचा कॅमेरा शनिवारी ने, सोमवारी सकाळी मला परत पाहिजे."

घरी पप्पांनी ते फोटो उजव्या हाताने एकेक करून पाहिले. "माप तर बरोबर हाय."

"तेच तर ना! माप बरोबर आणि माल रिजेक्ट."

त्यांनी फोटो परत एकावर एक नीट रचले. मग म्हणाले, "रविवारी मी येतो तुझ्यासंगं."

आई चुलीवरची नजर न काढता म्हणाली, "जा. घराबाहेर तरी पडाल."

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बसने जाऊन पुढे चालत गेलो. काठावर दारूच्या बाटल्या, कागदी ताटल्या, मासेमारांनी टाकून दिलेली फाटकी जाळी. निसर्ग शोधायला आधी पायाखालचं बघावं लागत होतं. मी एक बाभूळ मधोमध धरून फोटो काढला आणि स्क्रीन पप्पांना दाखवली. बाभळीचा सगळा फांदोरा एकाच अंगाला झुकलेला होता.

"खांदा सरकव," पप्पा म्हणाले.

"कुणाचा खांदा?"

"अगं, घोटीकडं आवणीला आम्ही भाताच्या रोपांचे मुठे कावडीत न्यायचो. एका बाजूला भारी भरलं तर कावड मधोमध धरून चालतं व्हय? पडशील की चिखलात. भारी बाजूकडं खांदा सरकवायचा आन् हलक्या बाजूला बांबू लांब राहू द्यायचा."

मी कॅमेरा सरकवला. बाभूळ मधल्या रेषेपासून जरा बाजूला आली, आणि दुसऱ्या टोकाला, पार लांब, पाण्यातला एक लहानसा दगड चौकटीत आला. एवढ्या मोठ्या झाडाला तेवढ्या दगडाने तोलून धरलं. मॅडमनी वर्षभर जे शिकवलं ते मला तिथे कळलं. हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

पुढे उथळ पाण्यात शेकाटे चरत होते. काळी पाठ, पांढरं पोट, लांब लाल पाय. एक शेकाट्या बाकीच्यांपासून दूर, एका पायावर उभा होता. पाणी इतकं स्थिर की वरचा पक्षी आणि खालचा पक्षी चोचीपासून नखापर्यंत सारखे. मी चिखलात पालथी पडले आणि फोटो घेतले. पप्पांनी स्क्रीन पाहिली.

"डावीकडं दोन सूत खाली हाय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर्कशॉपमधलं माप. पप्पांना ते डोळ्यांनी दिसतं. मला फरक कळेना, तेव्हा ते माझ्याजवळ उकिडवे बसले, डावा हात खिशातून काढला आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर समोरच्या काठाच्या रेषेत आडवे धरले. "हे बघ, असं पाहिजे." उजव्या हाताची पाच बोटं. डाव्याचा अंगठा आणि करंगळी, मध्ये मोकळं आकाश. सहा वर्षांत ते दोन हात मी असे शेजारी शेजारी बघितले नव्हते. मी हातांकडेच बघत राहिले.

"तिकडं बघ," ते म्हणाले. "पाण्याकडं." आणि हात खिशात गेला.

मी कॅमेरा दोन सूत फिरवून रेघ सरळ केली आणि फोटो घेतला. तेवढ्यात पक्षी हलला. तो चालला नाही, उडी मारून पुढे सरकला. परत एक उडी. दुसरा पाय पोटाशी घेतलेला नव्हताच. गुडघ्याखाली तो नव्हता.

"जाळ्यात गावला असंल," पप्पा म्हणाले. "वढून सुटला, पाय ऱ्हायला."

"जगेल का हो?"

"खातोय तर. आता किती दिवस, त्ये त्याचं त्यालाच ठाऊक."

सोमवारी सकाळी मी कॅमेरा परत दिला.

बुधवारी परीक्षकांनी दहा फोटो रांगेत लावले आणि शेकाट्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा छान आहे. दुसरा पाय पोटाशी घेतलाय, नाही का?"

हो म्हणाले असते तर विषय तिथेच मिटला असता. नाही म्हटलं तर मार्क जातील, ही भीती होती. आईच्या शेजारची पॅकिंगची जागा मला समोर दिसत होती. पण पप्पांनी मालकासमोर खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही सर. त्याला पायच नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "मग ही सममिती कसली?"

"वर एक पाय आहे, सर, खालीपण एकच. पाण्याने पदरचं काही घातलेलं नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते म्हणाले, "जा."

निकाल लागेपर्यंत मला झोप धड लागली नाही. त्या महिनाभरात मी दोनदा एकटी बॅकवॉटरला जाऊन आले. शेकाटे होते. तो नव्हता.

पदवीदानाला पप्पा आले होते. पहिल्या ओळीत बसले, डावा हात खिशात. बाकीचे आईवडील टाळ्या वाजवत होते, पप्पांनी वाजवल्या नाहीत. आईला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. ती अजून पॅकिंगलाच आहे. मी तिच्या शेजारी उभी राहिले नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.