डाग पडलो काय नारळ!

आम्हा परटांना किस्से शोधावे लागत नाहीत, ते गाठोड्यात बांधून घरी येतात. लोक जेवतात, पान खातात, हात पुसतात आणि घरी जातात. मागे राहतं ते आमच्या वाट्याला. लग्नसराईत ओढ्यावर कपड्यांचा ढीग पडायचा, तसे हे किस्से साठलेत. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, सून लिहून घेते. ती हसली की समजायचं, बरं चाललंय.

मालवणच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी. वाडीची मिळून एक चादर होती. मांजरपाटाचे पाच पट्टे जोडून शिवलेली, धुऊन धुऊन बगळ्यासारखी झालेली. कुणाकडेही जेवणावळ असली की बैठकीला तीच. ठेवायचे बाबल गावकर, आपल्या पेटीत. नियम एकच. चादर डागासकट परत आली, तर डाग पाडणाऱ्याने देवळात नारळ ठेवायचा, आणि बाबल त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर देवाला गाऱ्हाणं घालणार. आमच्याकडे लोक पोलिसाला भीत नसत, गाऱ्हाण्यातल्या नावाला भीत!

म्हणून जेवण संपलं की हाक यायची, "दाजी, धावा!"

*

शेजारच्या आबांकडे पूजा झाली. चादरीवर वरण सांडलं. त्यांची सून नवी, मुंबईची. "पार्टी झाली की लगेच धुवायचं," म्हणत तिने सोड्याचा साबण घेतला आणि घासघास घासलं. पिवळा डाग लालभडक झाला!

सासूने कपाळाला हात लावला. "ह्या रगत खंयसून इला? पांढऱ्या पायाची सून गो माझी!"

पोरगी रडायला लागलेली. मी म्हटलं, "रडा नको गो बाय. हळद साबणाक भियत नाय, उन्हाक भियता." ओली चादर अंगणात पसरली. सुकली की पाणी शिंपडायचं, पुन्हा उन्हात. दिवसभर बाजूला बसून राहिलो. सांजेला चादर पांढरी.

सासूने चादरीला हात लावून पाहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली, "मी म्हटलंय नाय? माझ्या सुनेचो पायगुणच बरो!"

*

एका मुंजीत शाळेचे मास्तर गोष्ट सांगता सांगता हसले, आणि तोंडातला विडा चादरीवर! कुणी पाहिलं नाही. मास्तर अलगद सरकले आणि डागावर बसले.

पाहुणे गेले. मंडप सुटला. मास्तर तिथेच.

"मास्तरानू, उठतास मा?"

"बसतंय वायच. वारो बरो लागता."

माडाचं झावळं हलत नव्हतं! दोन तास बसले. शेवटी यजमानीण केरसुणी घेऊन आली तेव्हा उठले. तोवर डाग चादरीवरून धोतरावरही उमटलेला. मास्तरांनी मागे वळून शांतपणे पाहिलं.

"दाजी, आता दोन झाले!"

दोन्ही मीच काढले. पण "वारो बरो लागता" हे वाडीत कायमचं राहिलं. कुणी उठायला तयार नसला की तेच म्हणायचं.

*

एकदा चादरीवर समई कलंडली, तेल सांडलं. मी परगावी गेलेलो. फोंडाघाटच्या मामांनी तांदळाचं पीठ चोळायला लावलं. खारेपाटणच्या मावशीने त्यावर चुना. तिसऱ्याने त्यावर राखेचं पाणी. मी आलो तेव्हा चौथा विचार करत बसला होता.

डाग पडला सुपारीएवढा. सल्ले संपेपर्यंत झाला होता सुपाएवढा!

*

आता जानकीवैनीचं सांगतो. नवरा गेलेला, एकुलती मुलगी शेवंता. पोरीची दोन स्थळं मोडलेली, एक मानपानावरून, एक नुसत्या बोलण्यावरून. तिसरं सावंतवाडीकडचं जमलं. वैनीने सुपारीचं, म्हणजे लग्न ठरल्याचं जेवण घातलं, चादर आणली. चादरीचा नियम आणि मास्तरांचा वारा, दोन्ही पाहुण्यांना गमतीत सांगून झाले.

मुलाचे वडील तात्या, कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. येताना आपल्या बागेतले पिकलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, पंच्यात बांधून आणले आणि प्रेमाने बैठकीवर ठेवले. पंचा गळत होता! पाहुणे उठले तेव्हा चादरीच्या मधोमध ताटाएवढा डाग.

वैनी चादर घेऊन माझ्याकडे आली. "दाजी, जाता काय ह्यो?"

ऊन, रिठा, लिंबू, ताक, सगळं करून पाहिलं. बोंडूचा डाग तो. "वैनी, ह्यो चादरीवांगडाच जातलो, चादर फाटात तेवाच."

ती खाली बसली. "मगे गाऱ्हाण्यात नाव कोणाचा? तेंचा घेतला तर ही पण सोयरीक मोडतली. माझा घेतला तर देवासमोर खोटा बोल्लंय. काय करू, सांगा."

मला एकच सुचलं. बाबल चादर मागायला आले की म्हणायचं, "अजून भिजत आसा." परटाला उशीर झाला तर कुणी संशय घेत नाही. असा दीड महिना ती चादर भिजत होती!

पण शेवंताचं लग्न आलं, आणि बैठकीला चादर हवीच. मी मान खाली घालून नेली. डागावर पानाचं तबक ठेवलं. मुहूर्ताच्या आधी कुणीतरी तबक उचलून आत नेलं. वैनी दारात उभी, नजर डागावर. बाबल मंडपात शिरतच होते.

तेवढ्यात तात्या आले. चादरीकडे एकदा पाहिलं, वैनीकडे एकदा. त्यांच्यासाठी गादी, लोड मांडलेले. ते सोडून सरळ मधोमध चालत गेले आणि डागावर मांडी घातली.

अक्षता तिथेच बसून टाकल्या. पंगत बसली तरी हलले नाहीत.

"तात्यानू, उठा, पानां वाढली."

"तुमी जेवा. वारो बरो लागता."

वैशाखाचं ऊन होतं. मास्तर माझ्याकडे बघायला लागले.

वरात निघायची वेळ झाली. शेवंताने तिथेच वाकून सासऱ्याला नमस्कार केला. मग बाबल घडी घालायला आले, तेव्हा तात्या उठले. सावंतवाडीहून आणलेल्या पिशवीत हात घातला, शेंडी ठेवून सोललेला नारळ काढला आणि डागावर ठेवला.

"बाबल, गाऱ्हाणा घाला," तात्या म्हणाले. "नाव माझा. मोठ्यान घ्येवा."