डॉक्टर शेवटी

"डॉक्टरसाहेब, तुम्ही शेवटी," असं म्हणून आमच्या म्याडम ॲप्रनच्या खिशातून स्टीलचा चमचा काढायच्या आणि पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवायच्या. हा चमचा पेशंटसाठी नव्हता. पेशंटचे चमचे वेगळे, उकळून झाकून ठेवलेले. हा नुसता आम्हाला गप्प करायला होता.

राउंड म्हणजे काय, हे तुम्ही कुठल्याही मोठ्या दवाखान्यात पाहिलं असेल. पुढे डॉक्टर, मागे शिकाऊ डॉक्टर, त्यांच्यामागे सिस्टर, आणि बाकीची मंडळी भिंतीला चिकटून. आमच्या वॉर्डात ही वरात उलटी निघायची. प्रत्येक पलंगापाशी आधी वॉर्डातल्या आया, म्हणजे आमच्या मावशी, बोलायच्या, मग सिस्टर, मग फिजिओथेरपिस्ट, मग म्याडम स्वतः. आणि मी, वॉर्डाचा मुख्य डॉक्टर, सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर शेवटी.

त्या आमच्याकडे स्पीच थेरपिस्ट होत्या. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवायचं, आणि त्याआधी त्याला नीट गिळता येतं का ते तपासायचं, हे त्यांचं काम. पेशंटच्या घरची माणसं त्यांना 'बोलायच्या म्याडम' म्हणत. सुरुवातीला मीही त्यांना तेवढंच समजायचो. बोलायच्या म्याडम, आणि त्याही जरा जास्तच बोलणाऱ्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अकरा वर्षं लागली.

कन्नड तालुक्यातले एक आजोबा लकव्याने आमच्याकडे आले होते. म्याडमनी त्यांच्या उशाशी लाल पाटी लावली होती: 'तोंडाने काही नाही'. तिसऱ्या दिवशी मी राउंडला गेलो तर आजोबा चांगले टवटवीत दिसत होते. मुलाने हात जोडून विचारलं, "साहेब, अण्णा पानी मागू लागलेत. घोटभर देऊ का?" मी म्हणालो, "द्या की. पाण्याने काय होतंय?" म्याडम तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होत्या. दवाखान्यात पाटीपेक्षा डॉक्टरचा शब्द मोठा असतो. मुलाने पेलाभर पाजलं.

आजोबांना ठसका लागला नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण पाणी छातीत उतरलं होतं. न्यूमोनिया झाला आणि सहाव्या दिवशी आजोबा गेले. नंतर कळलं की त्यांचं अंग पुसताना मावशींना त्यांचा आवाज वेगळा वाटला होता. घशात पाणी साचल्यासारखा, ओला. "मग सांगितलं का नाही?" असं मी त्यांच्यावर ओरडलो. मावशी म्हणाल्या, "मला कोन इचारतंय, साहेब?"

म्याडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राउंड सुरू होताना माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आज तुम्ही शेवटी." मी मान खाली घातली. ते 'आज' नंतर कधी गळून गेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मावशींना पहिला मान का, हे म्याडमनी मला एकदा सांगितलं. त्यांची आई याच शहरातल्या एका दवाखान्यात बावीस वर्षं आया होती. त्याच पगारावर तिने लेकीला शिकवलं. "आईला पेशंटचं सगळं कळायचं, सर. कोण जेवलं, कोणी उगीच जेवलो म्हणून सांगितलं, कोण रात्रभर रडलं. बावीस वर्षांत एका डॉक्टरनं तिला विचारलं नाय, की बाई, तुला काय वाटतं?" एवढं बोलून त्या हसल्या आणि चहा मागवला. दिवसाला सहा-सात कप सहज. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पांढरी साडी नेसून साऱ्या वॉर्डाला बुंदी वाटायच्या आणि वर प्रत्येकाला चहा पाजायच्या. ज्याला गिळता येत नसे, त्याची बुंदी पुडीत बांधून त्याच्या नावाने ठेवायच्या.

दवाखान्यात त्यांच्या विषयातलं दुसरं कुणीच नव्हतं. रजा घ्यायच्या नाहीत, कारण रजेवर गेलं की तपासणार कोण? 'माझ्यानंतर कोण?' हा एकच घोर त्यांच्या जिवाला होता. म्हणून दर शनिवारी दुपारी एसटी पकडून त्या कुठल्या ना कुठल्या ज्युनियर कॉलेजात जायच्या. कधी बिडकीन, कधी कन्नड, कधी फर्दापूर. मुलांना विचारायच्या, "दवाखान्यात कोण कोण असतं?" डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, एवढ्यावर वर्ग अडायचा. मागच्या बाकावरून कोणीतरी "पेशंट!" म्हणायचं. मग त्या सगळ्यांना गळ्यावर चार बोटं ठेवून एकेक घोट पाणी प्यायला लावायच्या. "कंठ वर उचलला ना? ज्याचा उचलत नाय, त्याच्यासाठी मी असते. नीटला मार्क कमी पडले म्हणून रडत बसू नका. दवाखान्याला एकच दार नसतं. एकट्या डॉक्टरनं पेशंट बरा झाला असता, तर मी घरी बसून चहा पीत बसले असते."

एकदा मला कन्नडला बरोबर नेलं. प्राचार्यांनी डॉक्टर म्हणून मला शाल-नारळ देऊन लगेच माईकपाशी बोलावलं. म्याडम जागेवरूनच म्हणाल्या, "सर, डॉक्टर शेवटी." मी तासभर नारळ मांडीवर घेऊन बसलो. मुलांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की माझी पाळी येईपर्यंत घंटा झाली. परतताना एसटीत नारळाकडे बघून त्यांना हसू आवरत नव्हतं.

इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला एक मुलगी लागली. फर्दापूरची. वडिलांची लेण्यांच्या वाटेवर टपरी. मुलीने विचारलं होतं, "म्याडम, माझा भाऊ अडखळत बोलतो. त्याला शिकवता येतं का?" म्याडम म्हणाल्या, "येतं. तूच शिकवशील." वडिलांना ते पटेना. "बोलाया शिकवाया कालेज कशाला पायजे? लेकरं आपसूक बोलत्यात." म्याडम तीनदा फर्दापूरला गेल्या. तिसऱ्या खेपेला वडिलांनी होकार दिला. मुलीला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्या वॉर्डभर सांगत फिरल्या, "आता चारच वर्षं मला तग धरायचाय."

मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी ड्युटीला निघताना म्याडम घरातच कोसळल्या.

उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर त्यांना ठेवलं. नाकात नळी, उशाशी लाल पाटी. बाहेरच्या थेरपिस्ट बाई दोन दिवसांनी येणार होत्या. म्याडमची आई, पाठीत वाकलेली, उशाशी बसून होती. मांडीवर थर्मास. "साहेब," ती मला म्हणाली, "लेक माझी चहाबिगर कधी राहिली नाय. घोटभर देऊ का?"

अकरा वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न. आणि खरं सांगतो, मला 'हो' म्हणायचं होतं.

मी उकळलेला चमचा घेतला. ही तपासणी मी रोज पाहिलेली. पण बोटं कुठे ठेवायची तेच आठवेना. म्याडमनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि बोटं एकेक करून आपल्या गळ्यावर ठेवली. मी चमचाभर पाणी दिलं. कंठ जरा उशिरा उचलला. ठसका लागला नाही. "आ म्हणा," मी म्हणालो. त्यांच्या तोंडून कसाबसा 'आ' निघाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. म्याडमनी डावा हात उचलला आणि दोन बोटांनी पलंगाच्या दांडीवर टकटक केलं. चमचा नव्हता, नुसती बोटं.

मला कळलं. मी मागे सरकलो. आमच्या वॉर्डातल्या मावशी पुढे आल्या. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माय, आज पयलं तुमी सांगा."

म्हातारी गोंधळली. "म्या?"

"व्हय. तुमाला काय वाटतं?"

बावीस वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आवाज वला हाय. नगा देऊ."

सिस्टरनी उशाशी लावलेली लाल पाटी सरळ केली. फिजिओथेरपिस्ट पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. म्याडमची पाळी आली. त्यांचा अर्धाच चेहरा हसला, आणि त्यांनी आईकडे बघून मान हलवली. बरोबर आहे, अशी. मग माझ्याकडे बोट केलं.

मी शेवटी बोललो. "तोंडाने काही नाही."

म्हातारीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. बाहेरच्या बाई येऊन तपासून गेल्या, पाटी तशीच राहिली. नवव्या दिवशी म्याडमना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. चहा राहिलाच. आयुष्यात मी बरोबर सांगितलेल्या ज्या काही गोष्टी असतील, त्यांत याच एका गोष्टीचा मला रोज पश्चात्ताप होतो, आणि ती चुकीची नव्हती हेही मला ठाऊक आहे.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. बाहेरच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, तोवर पेशंटची नळी तशीच राहते. फर्दापूरच्या मुलीचं शिक्षण अजून व्हायचं आहे. ती अधूनमधून फोन करते आणि विचारते, "सर, जागा हाय ना अजून?" मी 'आहे' म्हणतो.

परवा एक नवे शिकाऊ डॉक्टर राउंडला आले. मावशी बोलल्या, सिस्टर बोलल्या, फिजिओथेरपिस्ट बोलला, आणि सगळे गप्प झाले. नव्या डॉक्टरांना वाटलं, झालं आता. त्यांनी फाइल उघडून बोलायला सुरुवात केली.

मावशींनी हात आडवा केला. "थांबा साहेब. म्याडमचं व्हायचंय अजून."

पोरगं बावरून माझ्याकडे बघायला लागलं. मी त्याच्या हातातली फाइल मिटवली. पलंगाभोवती आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.