आत्याचा अडकणारा फोन

आमच्या आत्याला कुठलीही गोष्ट सावकाश करता येत नसे. तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मागून पळायची तयारी ठेवायची. आणि बोटांचं तर विचारूच नका. हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तिनं उभी हयात इंग्रजी आणि तेलुगू टायपिंग शिकवलं. मशिनं बडवून बडवून बोटांना अशी खोड लागली होती की नुसती बसली तरी ती मांडीवर टाइप करत असायची. "काय लिहितेस गं?" असं विचारलं की म्हणायची, "तुझीच तक्रार, तुझ्या बापाला."

पुढं इन्स्टिट्यूट बंद पडली आणि तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं. आत्यानं लग्न केलं नव्हतं. मलकपेठेतल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. तिच्या बोटांना आता मोबाइल मिळाला. आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे, निम्मे नांदेडकडचे, निम्मे हैदराबादचे. त्यावर रोज सकाळी पहिला 'जय भीम' आत्याचा. खाली चार ओळी: आज कुणाचा वाढदिवस, कुणाची परीक्षा, कुणी किती दिवसांत फोन केला नाही. आमची पोरं तेलुगू-इंग्रजी शाळांतली, त्यांना देवनागरी अक्षर अक्षर लावत वाचावं लागे. इंग्रजी अक्षरांत लिही म्हणून पोरं तिच्या मागं लागायची. "नक्को," आत्या म्हणायची. "लिहायचं काम माझं. तुम्ही वाचायला तरी शिका." नांदेडचा माझा चुलतभाऊ दिनूदादा तिला हरवायचं म्हणून पहाटे गजर लावून उठायचा. तरी आत्याचा 'जय भीम' त्याच्या आधी येऊन बसलेला असे. त्या पहिल्या नंबराचा तिला फार अभिमान होता.

मग फोनमध्ये एक मोठं अपडेट आलं आणि आत्याचा मेसेज उशिरा यायला लागला.

मी दिलसुखनगरला राहते आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढ्यावरून घरातल्यांनी मला मेकॅनिक ठरवून टाकलंय. आत्याचा फोन आला, "पोरी, अपडेट केल्यापासून हा बावळा झालाय बघ. दाबते एक, उमटतंय दुसरंच. परेशान करून सोडलंय." मी सांगितलं की अपडेटनंतर एकदोन दिवस फोन आतल्या आत कामात असतो, धीर धर. धीर हा शब्दच तिच्या घराण्यातला नव्हता, तरी तिनं धरला. फरक पडला नाही. मग मी जाऊन साठलेले फोटो-व्हिडिओ काढून टाकले, नको ती अॅप्स काढली, बाकीची अपडेट केली, स्क्रीनवरच्या सरकत्या नक्षीकामाला सुट्टी दिली. माझ्या हातात फोन झकास चाले. मी घरी पोचले की दुसऱ्या दिवशी तक्रार हजर.

ग्रुपवर दिनूदादानं चिडवलं, "आत्या म्हातारी झाली, मी जिंकलो!" बऱ्याच वेळानं तिचं उत्तर आलं, "मी नाही. फोन." तेव्हापासून तिला तेच बोलायची सवय लागली. चहा सांडला, "कपाचा कान बारीक आहे." पाय घासत चालते म्हटलं, "चपला नव्या आहेत." प्रत्येक वेळी तिच्याकडं एक आरोपी तयार असे. आम्हीही हसून सोडून देत होतो.

शेवटी मी फोन पुसून कोरा करायचं ठरवलं. एका रविवारी दुपारी तिच्याकडं बसून सगळं दुसरीकडं उतरवून घेतलं, फोन रिकामा केला, पुन्हा भरला. नव्यासारखा पळत होता. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता लिही जय भीम."

तिचा अंगठा 'ज'वर उतरला आणि तिथंच राहिला. अक्षर जास्त वेळ दाबून धरलं की शेजारच्या अक्षरांची एक छोटी चौकट उघडते, तशी ती उघडली. अंगठा कसाबसा सरकला आणि भलतंच अक्षर उमटलं. फोन कुठंच अडकत नव्हता. तो आत्याची वाट बघत होता.

मी तिच्या मांडीवरच्या दुसऱ्या हाताकडं पाहिलं. ती बोटं आता कुठलंच वाक्य लिहीत नव्हती. अंगठ्यावर नुसती घोळत होती, थांबत नव्हती. मी पाहतेय हे आत्याला कळलं. तिनं तो हात हळूच पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चहा टाक गं."

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी सुसह्य होईल, बरा होणार नाही, असं स्पष्ट बोलले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आत्यानं माझा दंड घट्ट धरला होता. तेवढ्यात म्हणाली, "ग्रुपवर सांगू नको. फोन खराब आहे म्हण."

"किती दिवस म्हणू, आत्या?"

"मी लिहितेय तोवर."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. घरी येऊन मी लिहिलं, "आत्याचा फोन अडकतो, दुरुस्त होत नाहीये. मेसेज उशिरा येत जाईल." त्यावर कुणी काही विचारलं नाही. एरवी आमच्यात कुणाचा चार्जर बिघडला तरी कुठला घ्यावा यावर दिवसभर चर्चा चालते. आत्याला नवा फोन घेऊन द्या असं एकजणही म्हणाला नाही.

मात्र तिच्याआधी ग्रुपवर कुणी 'जय भीम' टाकेनासं झालं. दिनूदादाही नाही. सकाळ कोरी जायची. आत्याचा मेसेज दहा-अकराला यायचा, पुढं पुढं दुपार व्हायची. खालच्या चार ओळी गेल्या, दोनच शब्द उरले, तेही वाकडेतिकडे. ते आले की सगळीकडून भराभरा 'जय भीम' पडायचे. बोलून टाइप करायची सोय मी तिला दाखवली होती. "हौ, बोलायला काय, कुणीपण बोलतंय," एवढं म्हणून तिनं फोन बाजूला ठेवला. तिचा आवाजही तोवर खोल गेला होता.

थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ती गेली. नांदेडहून सगळे आले. तिला खांदा द्यायला दिनूदादा पुढं होता, आणि स्मशानातून परतल्यावर लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मी ग्रुप उघडला. कोरा होता. तिचा फोन माझ्याच टेबलावर पडलेला, तरी मी बघत राहिले. दुपार झाली. मग दिनूदादानं लिहिलं, "आत्याचा फोन अडकला असेल. थांबू या."

त्या दिवशी कुणीच 'जय भीम' टाकला नाही.